काडीचं दुसरं टोक

१

एकतीस डिसेंबरला दुपारच्या बसने यायचं, थांब्यावर उतरून बुटांना सुतळी गुंडाळायची म्हणजे बर्फावर पाय सरकत नाही, आणि वीस मिनिटांचा चढ चढून सरायीच्या दारात उभं राहायचं, हा चिझुरुचा सात वर्षांचा नेम होता. अकिताच्या डोंगरातली ही गरम झऱ्याची सराय आठ खोल्यांची. दाराच्या दोन्ही अंगांना पाइनच्या फांद्या उभ्या केलेल्या, वर भाताच्या पेंढ्याचा जाड पिळाचा दोर, त्याला पांढऱ्या कागदाच्या झिरमिळ्या. आत शिरलं की धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याचा वास यायचा आणि मालकीणबाई किनु-सान उंबऱ्याशी गुडघे टेकून बसलेल्या असायच्या.

"आलात! मला वाटलं, यंदा बर्फाला घाबरलात."

"तुमच्या लोणच्यासाठी येते मी. बर्फ काय, सेंदाईतही पडतो."

"म्हणजे आमच्यासाठी नाही, मुळ्यासाठी. बरं झालं कळलं." किनु-सान हसल्या. मग दरवर्षीप्रमाणे बूट उचलून फळीवर ठेवता ठेवता विचारलं, "आणि घरी? आई बरी आहे ना?"

खरं सांगायची जागा हीच होती. घरात कुणी गेलं की वर्षभर सुतक. त्या वर्षी दाराला दोर बांधायचा नाही, शुभेच्छांची कार्डं धाडायची नाहीत, देवळाच्या कमानीखालून जायचं नाही, नव्या वर्षाचं अभिनंदन तोंडून काढायचं नाही. प्रवासात असलात तर सरायीला आधी कळवायचं. मग ते काही न बोलता साधं जेवण खोलीत आणून देतात, जेवायच्या काड्याही रोजच्या देतात. चिझुरुची आई गेल्या दोन जानेवारीला गेली होती. वर्ष पुरं व्हायला दोन दिवस बाकी होते.

"बरी आहे," चिझुरु म्हणाली. "थंडीने गुडघे धरतात, एवढंच."

"त्यांना एकदा घेऊन या की. गुडघ्यांना आमचं पाणी फार चांगलं."

"आणीन," असं म्हणून चिझुरु जिना चढली.

दोन दिवस म्हणजे काय, असं तिने स्वतःला समजावलं. तीनशे त्रेसष्ट दिवस पाळलं होतं तिने.

२

चिझुरु बावन्न वर्षांची, एकटी. सेंदाईच्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आहार पाहायची. कुणाला दात आहेत, कुणाची कवळी सैल आहे, कुणाच्या घशाखाली काय उतरतं, हे तिला माणसाच्या नावाआधी ठाऊक असायचं. घास किती बारीक करायचा, सार किती दाट करायचं, याची तिची एक वही होती. चिकट तांदूळ कुटून केलेले गोळे तिने आश्रमात कधी येऊ दिले नाहीत. दरवर्षी पहिल्या तीन दिवसांत देशभर कितीतरी म्हातारी माणसं ते गोळे घशात अडकून जातात. आश्रमात तिच्या हाताखाली एकही गेलं नव्हतं.

तिची आई त्सुने शिकोकू बेटावर, सानुकीला, एकटी राहायची. थोरला भाऊ शुन्साकु बायको हारुएसह वीस मिनिटांवर होता. दर डिसेंबरात आई फोनवर विचारायची, "येतेस का गं?" आणि दर डिसेंबरात चिझुरु सांगायची, "ड्यूटी लागली आई. म्हाताऱ्यांना सुट्टी नसते." मग ती बॅग भरून इकडे यायची. आईवर राग नव्हता. वर्षभर म्हाताऱ्या माणसांचं करून झाल्यावर चार दिवस कुणी म्हातारं माणूस नको वाटायचं, एवढंच. आणि एकदा बोललेलं खोटं पुढच्या वर्षी बोलायला सोपं जातं.

गेल्या वर्षी दोन तारखेला सकाळी आईने झोनी, म्हणजे त्या गोळ्यांचं नव्या वर्षाचं सार, केलं आणि त्यातला गोळा तिच्या घशात अडकला. शुन्साकु दुपारी गेला तेव्हा ती स्वयंपाकघरात आडवी पडलेली होती. चिझुरु तिसऱ्या दिवशी पोचली, 'सेंदाईहून'. कुणीच काही विचारलं नाही. दादा तर वर्षभर तिच्याशी इतकं जपून बोलत होता की तिला ते सहन व्हायचं नाही.

सणाच्या दिवसांत कुणी वर्षश्राद्ध ठेवत नाही. लोक महिनाभर आधी उरकून घेतात. पण डिसेंबरात तिने रजा मिळत नाही म्हटलं, तेव्हा दादाने ते त्याच तिथीला, दोन जानेवारीला, घरीच ठेवलं. म्हणाला, "तोवर तरी मोकळी होशील." तिने तेव्हाही सांगितलं होतं, "ड्यूटी लागली दादा."

हे सगळं बॅगेत घालून ती इथे आली होती. येताना एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. दोन तारखेला अकराच्या आत, श्राद्ध सुरू व्हायच्या आधी, दादाला फोन करायचा आणि सगळं सांगायचं. सांगितलं नाही, तर पुन्हा कधीच सांगणं होणार नाही.

३

संध्याकाळी खालच्या दिवाणखान्यात शेगडीभोवती पाहुणे जमले. सोबाच्या शेवया खाऊन झाल्या होत्या. किनु-सान मांडीवर पाट घेऊन कागदी पाकिटांवर कुंचल्याने एकेकाचं नाव लिहीत होत्या. पाकिटात नव्या वर्षाच्या काड्या, पांढऱ्या लाकडाच्या. रोजच्या काडीला एकच टोक निमुळतं असतं. या काड्या दोन्हीकडून निमुळत्या असतात. एका टोकाने आपण खायचं, दुसऱ्याने वर्षाचा देव आपल्याबरोबर खातो. तीन दिवस तीच जोडी, आपली आपण धुवायची, पाकिटात परत घालायची, आणि काहीही झालं तरी उलटी धरायची नाही.

"माझं नाव ठळक लिहा," नागाहोरी म्हणाले. हे योकोहामाचे निवृत्त शाळामास्तर, दरवर्षीचेच. "गेल्या वर्षी देवाला वाचता आलं नाही. उपाशी गेला बिचारा."

"देव उपाशी गेला असेल तर तो तुमच्या शेजारी बसला म्हणून," किनु-सान म्हणाल्या. "तुम्ही दोन्ही टोकांनी खाता."

सगळे हसले. चिझुरुही हसली. किनु-सान यांनी कुंचला शाईत बुडवला आणि तिच्याकडे पाहिलं. "चिझुरु-सान, तुमचं."

आता तरी सांगावं, असं तिच्या मनात आलं. 'माझं राहू द्या, माझ्याकडे सुतक आहे.' एवढंच वाक्य होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कोण गेलं, कधी गेलं. आणि मघाशी दारात काय बोललात?

"लिहा," ती म्हणाली.

सकाळी ट्रेवर ते पाकीट आलं. सगळ्यांनी एकमेकांना वाकून अभिनंदन केलं, तिनेही केलं. झोनी इथली होती, नितळ साराची, कोंबडीची, बर्डॉक मुळाची, चौकोनी कापून भाजलेल्या गोळ्याची. चिझुरुने गोळा काडीने चार भाग करून खाल्ला. प्रत्येक घास तीस वेळा चावायचा, ही आईने लावलेली सवय. जेवण झालं, काड्या पुसायला घेतल्या, तेव्हा तिला दिसलं की वरचं टोकही ओलं आहे.

दोन बोटं लांबीएवढं. चावून चावून लाकूड जरा मऊ झाल्यासारखं.

कुठेतरी लागलं असेल, वाटीच्या काठाला, साराच्या झाकणाला. झाकणाला आतून वाफेचे थेंब असतातच. तिने दोन्ही टोकं धुतली, नीट पुसली आणि काड्या पाकिटात ठेवल्या. ठेवताना मात्र तिने आपल्या टोकाला नखाने बारीक खूण केली. असं का केलं, ते तिला सांगता आलं नसतं.

४

दुपारी सगळे गावच्या देवळात निघाले. बर्फ खोदून काढलेली वाट, दोन्हीकडे छातीएवढ्या भिंती. कमानीपाशी चिझुरु बाजूला झाली आणि बुटाची सुतळी सोडून पुन्हा बांधू लागली.

"अहो चिझुरु-सान, देव काय बुटाकडे बघतो का?" मागून नागाहोरी आले. "चला, चला. रांग अडली."

वाट एवढी अरुंद की बाजूने जायला जागाच नव्हती. ती कमानीखालून गेली. टाळ्या वाजवल्या, मान लववली. काही मागितलं नाही. मागायचं काय, तेच सुचलं नाही.

परत येऊन ती आपल्या खोलीत आडवी झाली. वरच्या मजल्याच्या टोकाची खोली होती, आठ चटयांची. एका भिंतीला खिडकी, दुसऱ्या बाजूला कागदी सरकदार, त्यापलीकडे गाद्या ठेवायची बंदिस्त जागा. बाहेर बर्फ पडत होता आणि बर्फ पडताना असतं तसं सगळं बंद बंद वाटत होतं. शेगडीच्या टेबलाखाली पाय ऊबेला होते. तिला डुलकी लागत होती.

तेव्हा तिला कुणीतरी चावत असल्याचा आवाज आला.

आधी ती नुसतीच ऐकत राहिली, आश्रमात ऐकते तशी. बावीस वर्षं तिने दारामागून हा आवाज ऐकून सांगितलं होतं की आत कोण जेवतंय. बिनदातांच्या तोंडाचा मचमच आवाज वेगळा, कवळीचा खट्ट आवाज वेगळा. हा दोन्ही नव्हता. हे पुरते दात असलेलं, पन्नाशीच्या आसपासचं तोंड होतं. चिकट काहीतरी होतं, कारण प्रत्येक वेळी जबडा सुटताना बारीकसा आवाज होत होता. घाई मुळीच नव्हती.

शेजारच्या खोलीत कुणी असेल. पण ही टोकाची खोली होती. शेजारी होता तो जिना, आणि जिना सरकदाराच्या विरुद्ध बाजूला होता.

तिने मोजायला सुरुवात केली ती भीतीने नव्हे, सवयीने. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. आवाज थांबला. घोट गिळल्याचं ऐकू आलं. मग काडीने वाटीच्या बुडाशी काहीतरी शोधल्यासारखं खरवडणं, आणि पुन्हा एक, दोन, तीन.

तिसऱ्या घासाच्या तीसनंतर चिझुरु उठली आणि तिने सरकदार उघडलं. घडी केलेल्या दोन गाद्या. दोन उशा. कापसाचा, जुन्या लाकडाचा वास. तिने गाद्यांच्या मागे हात घालून पाहिलं. भिंत होती, आणि ती बाहेरच्या बर्फाने गार पडली होती.

छपरावरचा बर्फ घसरतो तेव्हा कसेही आवाज होतात, हे तिला माहीत होतं. लाकूड आकसतं. पाण्याच्या नळात बुडबुडे होतात. तिने ही सगळी कारणं एकामागून एक मनात मांडली, आणि प्रत्येकापुढे तोच प्रश्न येऊन उभा राहिला. तीसच का?

संध्याकाळी जेवताना तिने काड्या ट्रेखाली सरकवून ठेवल्या आणि चमच्याने खाल्लं.

"हात दुखावला का?" किनु-सान यांनी विचारलं.

"हो, जरासा."

हेही खोटंच होतं. तिला वाटलं, आपल्याला आता साध्या प्रश्नालाही खरं उत्तर देता येत नाही.

५

दोन तारीख. सकाळी साडेसहाला ती झऱ्यावर गेली. कुंडात दुसरं कुणी नव्हतं. वाफ एवढी की स्वतःचे गुडघे दिसत नव्हते.

गेल्या वर्षी ती याच वेळी इथे होती. अंग पुसून कपड्यांच्या खोलीत आली तेव्हा टोपलीत मोबाइल वाजत होता. सात चाळीस झाले होते. आईच्या घरचा नंबर. छतावरच्या कर्ण्यातून नव्या वर्षाचं तंतुवाद्य चालू होतं, बाहेर नागाहोरी कुणाशी तरी मोठ्याने हसत होते. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात असले आवाज नसतात. फोन उचलला असता तर आईला कळलं असतं. म्हणून तिने मोबाइल टॉवेलमध्ये गुंडाळून दोन्ही हातांनी दाबून धरला आणि वाजणं थांबायची वाट पाहिली. अकरा वेळा वाजला. आपल्या तळव्यात तो कसा थरथरत होता हे तिला आजही आठवत होतं, मुठीत धरलेल्या पाखरासारखा.

दुपारी दादाचा फोन आला. तेव्हापासून एकच गोष्ट तिच्या मनात बसली होती. आईच्या घशात घास अडकला होता, आई कशीबशी फोनपाशी गेली होती, आणि अकरा वेळा वाजेपर्यंत आईला श्वास होता.

खोलीत ट्रे येऊन थांबला होता. तिने पाकिटातून काड्या काढल्या. नखाची खूण असलेलं टोक कोरडं, स्वच्छ होतं. दुसऱ्या टोकाला काहीतरी चिकटलं होतं.

पांढरट, सायीसारखं. त्यात एक तांबडी, पातळ साल.

तिने वास घेतला. मग, ज्या माणसाने बावीस वर्षं प्रत्येक पातेल्यातलं चाखून पाहिलं आहे त्या माणसाच्या हाताला जे सहज होतं तेच झालं. तिने ते जिभेला लावलं.

पांढरा मिसो, गोडसर. आणि पुरण.

ट्रे तसाच सोडून ती खाली गेली. स्वयंपाकघरात आचारी गेंपाची लोणचं कापत होते. साठीचे, तोंडाने फटकळ.

"गेंपाची-सान, तुमच्याकडे पांढरा मिसो आहे का?"

"पांढरा? तो कशाला? इथे मिसो म्हणजे तांबडा. खारट, मर्दानी."

"झोनीत कधी पुरणाचा गोळा घालता?"

सुरी थांबली. "पुरणाचा गोळा? साराच्या वाटीत? गोड?" ते मोठ्याने हसले. "कोण खातं हो असलं? माणसं का भुतं?"

"आमच्याकडे सानुकीला खातात," चिझुरु म्हणाली. "पांढऱ्या मिसोच्या सारात पुरणाचा गोल गोळा. दुसरीकडे कुठेच नाही."

"मग तुम्हीच करून दाखवा एकदा," गेंपाची म्हणाले. तिचा चेहरा पाहून त्यांनी सुरी खाली ठेवली. "बरं नाही का वाटत? पाणी देऊ?"

"नको." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "फोन करायचाय."

६

खोलीत परत येऊन तिने सरकदार नीट लावून घेतलं, ट्रे बाहेर ठेवला आणि खिडकीपाशी बसून दादाला फोन लावला. नऊ वाजून गेले होते. दादा आईच्या घरीच होता. मागे भांड्यांचे, माणसांचे आवाज येत होते.

"हां चिझु, बोल. भिक्षू अकराला यायचेत. हारुए फळं मांडतेय. तुला मधेच वेळ मिळाला का?"

"दादा, मी कामावर नाही."

"बरं."

"गेल्या वर्षीही नव्हते. कधीच नव्हते. सात वर्षं ड्यूटीचं खोटं सांगून मी फिरायला येतेय."

पलीकडे दार सरकल्याचा आवाज आला. दादा बाहेर अंगणात गेला असावा. त्याच्या सपाता खडीवर वाजल्या.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू कामावर नव्हतीस ते. त्याच दिवशी कळलं मला. दोन वाट्या होत्या गं."

"कसल्या वाट्या?"

"चिझु, आज बोलतेच आहेस तर सगळं बोलून टाकू. मी कुणाला सांगितलेलं नाही. हारुएलासुद्धा नाही. मी दुपारी आलो, आई पडलेली. टेबलावर समोरासमोर दोन वाट्या. आईची अर्धी, दुसरी चाटूनपुसून संपवलेली. दोन काड्यांची पाकिटं, एकावर तिचं नाव, एकावर तुझं, दोन्ही तिच्या अक्षरात. मला वाटलं, एकटीने सण नको म्हणून बिचारीने तुझंही वाढून ठेवलं असेल. पण खाल्लेलं होतं. आणि तू कशी खातेस ते मी लहानपणापासून बघतोय. पुरण आधी टोकरून काठाला लावतेस आणि शेवटी खातेस. काठाला तसाच डाग होता."

चिझुरुने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शेजारच्या मिझोबुचीकाकू म्हणाल्या, सकाळी दोन बायकांचं हसणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, टीव्ही असेल. डॉक्टर यायच्या आत मी तुझी वाटी धुतली, काड्या चुलीत घातल्या. म्हटलं, पोर घाबरली असेल. डोळ्यांदेखत आई गुदमरली, काही सुचलं नसेल, पळाली असेल. तू म्हाताऱ्यांचं करणारी, तुझ्या समोर असं व्हावं, कुणाला तोंड दाखवशील? मी रागावलो नाही. एक वर्ष वाट बघत होतो, तू स्वतःहून कधी सांगतेस."

"दादा, मी नव्हते तिथे." तिचा आवाज चिरकला. "मी अकितात होते, याच सरायीत. आईचा फोन आला, सात चाळीसला. मी उचलला नाही. आवाजावरून तिला कळेल म्हणून उचलला नाही. ती गुदमरत होती आणि मी फोन दाबून धरून बसले होते. हे सांगायचं होतं मला. एवढंच."

"सात चाळीसला?"

"हो."

"चिझु, डॉक्टर म्हणाले, सातच्या आतच संपलं होतं सगळं."

बाहेर छपरावरून बर्फाचा एक थर सुटला आणि खिडकीवरून खाली गेला. खोलीत क्षणभर अंधार होऊन पुन्हा उजेड झाला.

"त्या फोनचं मला माहीत आहे," दादा सावकाश, समजुतीने म्हणाला. "नंतर फोनच्या यंत्रात तुझा नंबर दिसला. मला वाटलं, तुझा मोबाइल सापडत नसेल. घाबरल्यावर होतं तसं. घरच्या फोनवरून तूच वाजवून पाहिला असशील."

तिने त्याला म्हणायला हवं होतं, किनु-सान यांना विचार. सरायीच्या वहीत माझी सही आहे. नागाहोरींना विचार, ते दाराबाहेर हसत होते. ती इथे होती याला दहा साक्षीदार होते. पण तेवढ्यात एक विचार मनात शिरला आणि तिने त्याला अडवलं नाही. वर्षभर तिला आई दिसत होती ती एकटी, फोनपाशी सरपटणारी. दादाच्या गोष्टीत आई एकटी नव्हती. सण साजरा करत होती. हसत होती. समोर लेक बसली होती. काहीही झालं तरी हे खरं असावं, असं तिला क्षणभर फार मनापासून वाटलं.

त्या क्षणातच तिच्या तोंडात गोड चव आली.

"एकच विचारतो," दादा म्हणाला. "मग पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. शेवटी ती काही म्हणाली का?"

मला माहीत नाही, असं सांगायला चिझुरुने श्वास घेतला. तेव्हा तिला सानुकीचं स्वयंपाकघर दिसलं. ती लहानपणापासून जिथे बसायची त्या जागेवरून नाही, आईच्या जागेवरून. टेबलाची कड गालाशी आलेली. समोर राखी स्वेटर घातलेली एक बाई, केस मागे बांधलेले, चेहरा चिझुरुचाच, आपल्याकडे पाहत होती. तिचा जबडा हलत होता. ती उठत नव्हती. घाई करत नव्हती. घास पुरा तीस वेळा चावून होईपर्यंत ती थांबणार होती, कारण तिला तसंच शिकवलेलं होतं.

चिझुरुने ओठ घट्ट मिटून घेतले. तरी आवाज आला. तिचाच आवाज, शांत, पोटभर जेवून उठलेल्या माणसाचा.

"'चिझुरुला फोन लाव' म्हणाली," तो आवाज दादाला सांगू लागला. "मी वाटी संपवली आणि लावला, दादा. अकरा वेळा वाजला. तिने उचलला नाही."